बीपी आणि पोटातल्या मोठ्या नसेचा फुगवटा: गोळ्यांची धरसोड आत नेमकं काय करते

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वडील 68 वर्षांचे. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला फिटर होते, आता निवृत्त. लघवीला अडखळतं म्हणून सोनोग्राफी केली. प्रोस्टेट थोडं वाढलेलं निघालं आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: मूत्रपिंडांच्या खालच्या भागात महाधमनी 4.3 सेंटिमीटर फुगलेली. बीपी पंधरा वर्षांपासून आहे, गोळ्या धरसोडीनं चालू आहेत. बिडी तीस वर्षं ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. ताई विचारतात, हे बीपीमुळेच झालं का? आम्ही गोळ्यांकडे नीट लक्ष दिलं असतं तर टळलं असतं का? आता बीपी आटोक्यात आणलं तर फुगवटा उतरेल का? आणि शेवटी, आषाढी वारी तोंडावर आली आहे, ते दरवर्षी आळंदीपासून चालतात, जाऊ द्यावं का?

मी रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करते, सव्वीस वर्षं झाली. हा प्रश्न माझ्या ओपीडीत जवळजवळ दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. पोटातल्या महाधमनीचा फुगवटा एकट्या बीपीनं सहसा होत नाही. पहिला मान बिडी-सिगारेटचा, मग वय, पुरुष असणं आणि घराण्यात कुणाला असणं. बीपी असणाऱ्यांना हा फुगवटा होण्याची शक्यता बीपी नसणाऱ्यांपेक्षा साधारण दीड ते पावणेदोन पट असते. धुराच्या बाबतीत ती कितीतरी पट वाढते. पण एकदा नस फुगली की बीपीचं वजन बदलतं. तिथून पुढे तोच आकडा, तेच 150 किंवा 160, त्या भिंतीला पूर्वीपेक्षा फार महाग पडतं. हे का, ते समजलं तर गोळी कशासाठी घ्यायची ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नस. छातीतून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभंगते. पोटात तिची रुंदी सुमारे 2 सेंटिमीटर असते. 3 सेंटिमीटर झाली की आम्ही फुगवटा म्हणतो. ती नुसती नळी नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती किंचित फुगते आणि परत आवळते. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर. हे फुगणं-आवळणं दोन प्रकारच्या धाग्यांवर चालतं. एक इलॅस्टिन, दुसरं कोलॅजन. मी पेशंटना पायजम्याचं उदाहरण देते. इलॅस्टिन म्हणजे कमरेचं इलॅस्टिक, ताणलं की मागे येतं. कोलॅजन म्हणजे नाडी. ती ताणत नाही, पण मजबूत असते. इलॅस्टिक ढिलं झालं की सगळा भार नाडीवर येतो.

यातली दुःखाची गोष्ट अशी की हे इलॅस्टिन आपण आईच्या पोटात आणि लहानपणी जेवढं कमावतो तेवढंच. मोठेपणी शरीर ते नव्यानं नीट विणत नाही. तुटलं ते तुटलं. त्यात पोटातल्या महाधमनीचं भांडवल मुळातच कमी. छातीतल्या भागात इलॅस्टिनचे पन्नास-साठ थर असतात, मूत्रपिंडांच्या खाली तीसएक. फुगवटा बहुतेक वेळा नेमका तिथेच येतो.

आता बीपी यात काय करतं? पहिलं काम झिजवण्याचं. दाब जास्त असला की प्रत्येक ठोक्याला धागे जास्त ताणले जातात. एका दिवसात काही होत नाही. पण दिवसाचे लाख ठोके, असे पंधरा वर्षांचे पाच हजारांवर दिवस. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वाकवत राहिलं की तुटते. शिवाय पोटातला हा भाग दुभाजकाच्या अगदी जवळ आहे. पुढे जाणारी दाबाची लाट तिथे आदळून काही अंशी मागे फिरते, आणि नसा कडक झालेल्या माणसात ही मागे फिरलेली लाट जास्त जोराची असते. म्हणजे कमी थरांच्या भागाला मार मात्र जास्त.

दुसरं काम उपाशी ठेवण्याचं. एवढ्या जाड भिंतीला स्वतःचंही रक्त लागतं. छातीत भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं बारीक नसा आत शिरतात आणि तिला पोसतात. पोटात मूत्रपिंडांखाली त्या फारच थोड्या. जुन्या बीपीत असल्या बारीक नसांची तोंडं अरुंद होतात. भिंतीचा मधला थर अर्धपोटी राहतो आणि तिथल्या स्नायूपेशी, ज्या कोलॅजनची डागडुजी करतात, त्या मरू लागतात. घर झिजतंय आणि गवंडी निघून गेलाय, अशी अवस्था.

तिसरं काम रासायनिक आहे आणि इथे बिडी आणि बीपी हातात हात घालून चालतात. ताणलेल्या, चिडलेल्या भिंतीत पांढऱ्या पेशी घुसतात आणि इलॅस्टिन-कोलॅजन कापणारी विकरं सोडतात. धूर ही विकरं वाढवतो. बीपी वाढवणारं अँजिओटेन्सिन हे संप्रेरकही भिंतीत दाह पेटवतं. उंदरांना ते सतत टोचलं तर त्यांच्या महाधमनीला खरोखर फुगवटा येतो, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे.

म्हणूनच आम्हा सगळ्यांना आशा होती की अँजिओटेन्सिनच्या वाटेत आड येणारी गोळी दिली की माणसातही फुगवटा वाढायचा थांबेल. लंडनमध्ये अँजिओटेन्सिनला आड येणारी पेरिंडोप्रिल, बीपीचीच दुसरी गोळी अॅम्लोडिपिन आणि औषध नसलेली नुसती दिखाव्याची गोळी असे तीन गट करून पाहिलं. निष्कर्ष 2016 मध्ये आला. पेरिंडोप्रिलनं बीपी उतरलं, पण फुगवट्याची वाढ तिन्ही गटांत सारखीच. त्याआधी 2002 मध्ये कॅनडातून प्रोप्रॅनोलॉल या बीपीच्या आणखी एका गोळीचा अभ्यास आला होता, त्यानंही वाढ रोखली नव्हती. त्यामुळे ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला स्पष्टच द्यायला हवं. बीपी आटोक्यात आल्यानं फुगवटा उतरत नाही. वाढ मंदावेल याचीही खात्री देणारी गोळी आज आमच्याकडे नाही. कुणी काढा किंवा पुडी देऊन ‘नस पूर्ववत करतो’ म्हणालं तर त्याच्यामागे एक रुपयाही घालवू नका.

मग गोळी कशासाठी? इथे मी तुमच्या वडिलांना बोलवेन, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. बॉयलर हाऊसमध्ये आयुष्य काढलेल्या फिटरला विचारा: दाब तोच ठेवून जास्त व्यासाचा पाइप टाकायचा असेल तर पत्रा तेवढाच जाड चालेल का? ते लगेच नाही म्हणतील. व्यास वाढला की त्याच दाबाला पत्र्यावरचा ताण वाढतो, म्हणून मोठ्या पाइपला जाड पत्रा लागतो. लाप्लासचा नियम तो हाच. ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. लहान मुलाचा फुगाही हेच सांगतो. पहिली फुंकर गाल दुखवते, फुगा मोठा झाला की अलगद वाढत जातो.

हिशेब मांडू. 2 सेंटिमीटरची नस 4.3 झाली, म्हणजे सव्वादोन पटीच्या जवळ. बीपी 130 असलं तरी त्या भिंतीवरचा ताण, निरोगी नसेत 280 बीपी असल्यासारखा. तेच बीपी 160 वर गेलं तर 340 च्या पुढे. भिंत पातळ झाली असेल तर याहून जास्त. पाइपला जाड पत्रा बदलून टाकता येतो. इथे पत्रा बदलणं म्हणजे ऑपरेशन, आणि त्याची वेळ अजून आलेली नाही. व्यास आपल्या हातात नाही, जाडी हातात नाही. तिन्हींपैकी फक्त दाब हातात आहे. गोळी त्यासाठी.

ही भिंत मी हातानं चाचपली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगते. पोट उघडून आतडी बाजूला सारली की फुगवटा समोर दिसतो, प्रत्येक ठोक्याला उचलणारा. वरून चिमटा लावताना काही ठिकाणी कॅल्शियम बोटांखाली अंड्याच्या टरफलासारखं कडकन मोडतं, आणि त्याच्या शेजारीच भिंत ओल्या कागदासारखी लागते. उघडल्यावर आत जुन्या रक्ताची गुठळी, थरावर थर, बाहेरचे थर पिवळट आणि आतला ताजा लाल. रक्त मधल्या बोगद्यातून वाहत असतं. पेशंटना वाटतं ही गुठळी म्हणजे आतून लावलेलं लिंपण आहे, भिंतीला आधार. तो आधार फारसा उपयोगाचा नाही. उलट गुठळीखालच्या भिंतीला प्राणवायू आणखी कमी पोचतो. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या फुगवट्यात जिथे गुठळी जाड तिथे भिंत कुजकी, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

बीपीच्या दोन आकड्यांबद्दलही बोलायला हवं, कारण घरोघरी फक्त वरचा आकडा विचारला जातो. इंग्लंडमधल्या साडेबारा लाख लोकांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोटातल्या फुगवट्याचा संबंध वरच्या आकड्याशी क्षीण आणि खालच्या आकड्याशी ठळक दिसला. म्हणून ‘वरचं 138 आहे, ठीक आहे’ म्हणून 96 कडे डोळेझाक करू नका. बीपी 130/80 च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर डॉक्टरांनी तो आकडा थोडा सैल करावा, पण 140/90 च्या वर राहू द्यायचा नाही.

छातीतल्या महाधमनीची गोष्ट वेगळी आहे. तिथे बीपीचा वाटा खूप मोठा. भिंतीचा आतला पडदा फाटून रक्त थरांच्या मध्ये घुसतं, ज्याला आम्ही डिसेक्शन म्हणतो, त्या पेशंटपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना आधीपासून बीपी असतं. तिथे सरासरी बीपीइतकीच अचानक उसळीही घातक. आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रीला बीपी असेल, हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन्ही हातांच्या बीपीत 20 चा फरक असेल, तर टाकायासु नावाचा नसांचा दाह मनात आणायला हवा. आपल्या देशात तो दुर्मीळ म्हणावा इतका कमी नाही. त्यात मूत्रपिंडाची नस अरुंद होऊन बीपी वाढतं आणि त्याच आजारानं महाधमनीही फुगू शकते. तुमच्या वडिलांचा विषय हा नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाची बहीण असेल म्हणून लिहिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त लागला. ‘आम्ही लक्ष दिलं असतं तर?’ ताई, पंधरा वर्षं गोळ्या नियमित असत्या तर धोका काहीसा कमी असता, एवढंच कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकेल. फुगवटा झालाच नसता असं कुणालाच म्हणता येणार नाही. बीपी दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोज गोळी घेणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि आम्ही डॉक्टरही दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्याला बोलावतो, ही गोळी कशासाठी ते सांगत नाही. तुम्ही सोनोग्राफी करायला घेऊन गेलात म्हणून हे कळलं. बहुतेकांना फुटेपर्यंत कळत नाही, आणि फुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत.

पुढे काय करायचं ते आता. 4.3 ला ऑपरेशन नको. 4 ते 5.5 सेंटिमीटरच्या फुगवट्यांवर लगेच ऑपरेशन की नुसती नजर, याची तुलना इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत हजारावर पेशंटमध्ये झाली, निकाल 1998 आणि 2002 मध्ये आले. लवकर ऑपरेशन करून आयुष्य वाढलं नाही. पुरुषात 5.5 आणि स्त्रीत 5 सेंटिमीटर झाला, वर्षात एक सेंटिमीटरनं वाढला, किंवा दुखू लागला, तर ऑपरेशन. तोवर वर्षातून एकदा सोनोग्राफी. शक्यतो एकाच केंद्रात, एकाच पद्धतीनं मोजून घ्या. कुणी भिंतीच्या बाहेरून बाहेर मोजतं, कुणी आतून आत, आणि एवढ्यानंच तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. मग घरात रडारड होते की फुगवटा वाढला. एका पेशंटची मुलं असा रिपोर्ट घेऊन रात्रीच्या गाडीनं माझ्याकडे आली होती. मी स्वतः मोजलं, फुगवटा होता तेवढाच होता.

घरी बीपीचं मशीन घ्या, दंडावर पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, न बोलता, मग दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. गोळी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणायची. धरसोड मला सगळ्यात जास्त भीती घालते, विशेषतः मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर. ती एकाएकी बंद केली की बीपी आणि ठोके दोन्ही उसळतात. घरच्या लग्नाच्या धामधुमीत पंधरा दिवस गोळ्या विसरलेले एक काका माझ्याकडे 210/120 घेऊन आले होते, त्यांचा फुगवटा 5 चा होता. ती रात्र मी विसरलेले नाही.

गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाणं बंद. त्या गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा असर कमी करतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी, कारण त्यांना लघवीचा त्रास आहे. एक, लघवीत जंतू निघाले तर सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहिलं जातं. या गटातल्या औषधांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2018 मध्ये दिला आहे, आणि फुगवटा असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत असं सांगितलं आहे. डॉक्टरांना आधी फुगवट्याचं सांगा, ते दुसरं औषध देतील. दोन, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू झाली असेल तर ती बीपी थोडं उतरवते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसायचं.

संडासला जोर लावायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला, की पोतं उचलताना असो वा बद्धकोष्ठात, दाब क्षणभर कुठल्या कुठे जातो. इसबगोल, पाणी, पालेभाजी. पोती, सिलिंडर, पाण्याची भरलेली घागर, यांतलं काही उचलायचं नाही. लोणचं, पापड, फरसाण कमी. बिडी सुटली ते उत्तमच झालं, पण बिडी सोडून मशेरी किंवा तंबाखू-चुना धरला नाही ना, ते एकदा विचारून बघा.

तुमचा भाऊ पन्नाशीला आला की त्याचीही एकदा पोटाची सोनोग्राफी करा. वडिलांच्या भावंडांची आत्ताच करा. सख्ख्या नात्यात हा आजार जास्त आढळतो.

आता वारी. जाऊ द्या. चालण्यानं 4.3 चा फुगवटा फुटत नाही. निघण्यापूर्वी आठ दिवसांचं बीपी वहीत 140 च्या खाली असलं पाहिजे, नसेल तर आधी डॉक्टरांकडे. पडशी खांद्यावर नको, ती दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायची. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात पाणी कमी पडून बीपी फार उतरू शकतं, त्याबद्दल निघताना विचारून घ्या. एकादशीला उपास असला तरी बीपीची गोळी चुकवायची नाही. माझे अर्धे वारकरी पेशंट उपासाला गोळी टाळतात आणि वर खारे वेफर्स खातात. गोळ्यांच्या दोन पुड्या करा, एक त्यांच्या खिशात, एक सोबत्याकडे.

आणि एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे ठेवा: ‘पोटातील महाधमनीला फुगवटा आहे, 4.3 सेंटिमीटर’, खाली तारीख, चालू गोळ्या आणि तुमचा फोन नंबर. पोटात, कमरेत किंवा कुशीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाटेतल्या वैद्यकीय तंबूत गेल्या गेल्या तो कागद पुढे करायचा. अशी कळ मूतखड्याची समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेले पेशंट मी पाहिले आहेत. कागद हातात पडला की समोरचा डॉक्टर पोटावर हात ठेवेल आणि रुग्णवाहिका मागवेल.